पांढरी कड

"साँस लीजिए… छोड़िए… अब रोकिए, बाबूजी."

काचेपलीकडे, बोगद्यासारख्या यंत्रात माझे भाऊजी आडवे झाले होते. पस्तीस वर्षं ते लखनौत आहेत, अलीगंजला राहतात. तीन महिन्यांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. छातीतलं दुखणं पित्ताचं समजून त्यांनी रात्र तशीच काढली आणि सकाळी उपचार सुरू होईपर्यंत व्हायचं ते नुकसान होऊन गेलं. इकोच्या अहवालात लिहून आलं की हृदयाची समोरची भिंत हलत नाही. अँजिओग्राफीत तीन रक्तवाहिन्या अरुंद निघाल्या. आता बायपास करायची का, हा प्रश्न होता आणि त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न होता. डॉक्टरांनी तो ताईला फार साध्या शब्दांत सांगितला: जी भिंत हलत नाही, ती मेली आहे की झोपली आहे? मेली असेल तर तिला रक्त पुरवून काय उपयोग?

त्यासाठी हा हृदयाचा एमआरआय. तिथल्या रेडिओलॉजिस्ट बाईंनी मला पडद्याशेजारी बसू दिलं. भाऊजींनी श्वास सोडून धरला, यंत्रानं ठकठक सुरू केली, दहा-बारा सेकंदांनी "अब साँस ले लीजिए" झालं आणि पडद्यावर त्यांचं हृदय दिसू लागलं. आडव्या कापातली डावी जवनिका म्हणजे एक जाड बांगडीच. बांगडीचं कडं म्हणजे स्नायूची भिंत, आतली पोकळी म्हणजे रक्त. बांगडी आवळायची, सुटायची, पुन्हा आवळायची. फक्त समोरच्या बाजूला ती आवळत नव्हती. तिथला भाग शेजाऱ्यांच्या ओढीनं जेमतेम सरकल्यासारखा वाटायचा, एवढंच.

घरी आल्यावर मी तो शोधनिबंध मिळवला, ज्याच्यामुळे ही तपासणी आज या पद्धतीनं होते. पुढच्या काही महिन्यांत तो कितीदा वाचला, मोजलं नाही. नोव्हेंबर २००० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तो छापून आला. पहिलं नाव रेमंड किम यांचं, शेवटचं रॉबर्ट जड यांचं आणि मधल्या नावांत रॉबर्ट बोनो. काम शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातलं. आपल्याकडे कवितेचं रसग्रहण होतं, चिजेचं होतं, चित्राचंही होतं. या निबंधाला तोच मान द्यावा असं मला मनापासून वाटतं.

पण त्याआधी ते हलतं चित्र कसं तयार होतं हे सांगायला हवं, आणि ते सांगताना लखनौतल्या मराठी माणसाला भातखंडे आठवल्याशिवाय राहत नाहीत. १९२६ मध्ये त्यांच्या पुढाकारानं इथे मॅरिस कॉलेज सुरू झालं. आज त्याचं नाव भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय. वाळकेश्वरला जन्मलेल्या या वकिलानं घराण्याघराण्यांतल्या चिजा गोळा केल्या आणि मात्रांच्या घरांत बसवून लिहून काढल्या. ज्यानं कधी चीज ऐकून उतरवून घेतली आहे त्याला ठाऊक असतं की ती एका आवर्तनात हाती लागत नाही. या आवर्तनात थोडी, पुढच्यात थोडी, आणि सगळं समेवर जुळवायचं. एमआरआयचं यंत्र हेच करतं. एका ठोक्यात हृदयाचं पूर्ण चित्र टिपण्याइतकं ते चपळ नाही. म्हणून छातीवर ईसीजीच्या पट्ट्या चिकटवतात. ईसीजीतलं उंच टोक आलं की यंत्र ती सम धरतं आणि तिथून मोजत त्या ठोक्यातला आपला वाटा टिपतं. असे आठ-दहा ठोके झाले की तुकडे जुळवून एकच ठोका पडद्यावर खेळवतं. आपण पाहतो तो ठोका असा कधी पडलेलाच नसतो. अनेक ठोक्यांतून उतरवून घेतलेली ती नोटेशन असते. श्वास रोखायचा तो एवढ्याचसाठी, की टिपून होईपर्यंत हृदय जागचं हलू नये. ज्याचा ठोका तालात नाही, त्याचं चित्र पुसट येतं.

लखनौत या शास्त्राचं एक घराणंही आहे, असं म्हणायला हरकत नाही. अणूंच्या केंद्रकांचा चुंबकीय अनुनाद हा त्याचा पाया. १९५१ मध्ये स्टॅनफर्डला अल्कोहोलच्या रेणूतले हायड्रोजन वेगवेगळ्या सुरांत बोलतात हे दाखवणाऱ्या प्रसिद्ध निबंधावर अर्नोल्ड आणि पॅकर्ड यांच्या जोडीला धर्माट्टी हे भारतीय नाव आहे. एस. एस. धर्माट्टींनी पुढे मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत याच विषयाची प्रयोगशाळा उभी केली. या विद्येतले एक ज्येष्ठ वैज्ञानिक, सी. एल. खेत्रपाल यांनी लखनौच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेच्या आवारात चुंबकीय अनुनादाला वाहिलेलं जैववैद्यकीय संशोधन केंद्र नावारूपाला आणलं. तिथली कामं वेगळ्या विषयांतली आहेत, म्हणून इथे त्यांचा उल्लेखच पुरे.

आता निबंध.

त्याची खरी गंमत उत्तराआधी प्रश्नात आहे. 'मेली की झोपली' हा प्रश्न जुना होता. मुंबईत जन्मलेले आणि अमेरिकेत नाव कमावलेले हृदयरोगतज्ज्ञ शाहबुद्दीन रहिमतुला यांनी १९८०च्या दशकात सांगितलं होतं की रक्त कमी पडलेला स्नायू मरण्याऐवजी काम आवरतं घेऊन तग धरू शकतो. अस्वलाच्या शीतनिद्रेसारखी ही अवस्था. बायपासनंतर असा स्नायू पुन्हा हलू लागतो. तो ओळखायचा कसा, यासाठी थॅलियम स्कॅन होता, पेट होता, औषध देऊन केलेला इको होता. सगळ्यांचं उत्तर बहुतेक एकाच धाटणीचं असे: इथे जीव आहे, तिथे नाही. थॅलियम स्कॅनची नजर सुमारे सेंटिमीटरभराची. हृदयाची भिंतही साधारण तेवढीच जाड. त्या नजरेला भिंतीच्या आत काय चाललं आहे ते दिसणारच नाही.

किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नच वेगळा मांडला. भिंत मेली आहे का, असं त्यांनी विचारलं नाही. भिंत किती खोलवर मेली आहे, असं विचारलं.

या 'किती खोलवर'ला शरीरात आधार आहे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या बाहेरच्या पृष्ठभागावरून जातात आणि फांद्या आत उतरतात. सगळ्यात आतला थर रक्ताच्या वाटेवर सगळ्यात शेवटी येतो आणि पोकळीतल्या दाबाचा भारही त्याच्यावरच जास्त. धमनी बंद झाली की आधी तो मरतो. मग मरण लाटेसारखं आतून बाहेर सरकत जातं. रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ मध्ये कुत्र्यांच्या हृदयावर हे दाखवून दिलं. धमनी वेळेत उघडली तर लाट अर्ध्यात थांबते; रात्र काढली तर ती बाहेरच्या काठाला भिडते. औषध देऊन काढलेल्या चित्रात हा मेलेला भाग भिंतीच्या आतल्या काठाशी पांढऱ्या कडेसारखा दिसतो. म्हणजे पांढऱ्या कडेची जाडी ही एका अर्थानं गेलेल्या तासांची खूण आहे. भाऊजींच्या पडद्यावर मी पाहत होतो ती त्यांची ती एक रात्र होती.

कड पांढरी का, हाही रसाचाच विषय. शिरेतून गॅडोलिनियम नावाच्या धातूचं संयुग देतात. संयुगातल्या या धातूच्या आयनात सात एकटे इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांच्यामुळे आसपासच्या पाण्यातले हायड्रोजन चुंबकीय धक्क्यातून लवकर सावरतात. हे संयुग जिवंत पेशीच्या आत शिरू शकत नाही, फक्त पेशींच्या मधल्या फटींतून फिरतं. निरोगी स्नायूत पेशी दाटीवाटीनं बसलेल्या असतात, फटी थोड्या, त्यामुळे औषध लवकर निघून जातं. मेलेल्या पेशींची आवरणं फुटलेली असतात. पुढे त्यांच्या जागी व्रणाची जाळी तयार होते आणि त्या जाळीत मोकळी जागा पुष्कळ. तिथे औषध रेंगाळतं. म्हणून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग चित्र काढायचं.

त्या चित्राची करामत मला सगळ्यात सुंदर वाटते. यंत्र आधी सगळ्या हायड्रोजनना उलटं करतं. ते हळूहळू सुलटे होत येतात आणि वाटेत एक क्षण असा येतो की ते ना उलटे ना सुलटे, शून्यावर असतात. त्या क्षणी ऐकलं तर काहीच ऐकू येत नाही. निरोगी स्नायूचा तो शून्याचा क्षण सेकंदाच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो आणि यंत्र नेमकं तेव्हाच ऐकतं. निरोगी भिंत काळीकुट्ट दिसते. औषध साचलेला व्रण मात्र तोवर शून्य ओलांडून पुढे गेलेला असतो, म्हणून तो लख्ख उजळतो. या पद्धतीचे कर्ते ऑर्लँडो सिमोनेटी हेही निबंधाच्या लेखकांत आहेत. उजेड म्हणजे जीव अशी आपली समजूत असते. या चित्रात जे काळं ते जितं आणि जे उजळलं ते गेलेलं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे उलटं वाचायची डोळ्यांना सवय करावी लागते. मला ती लागायला बराच वेळ गेला.

उजळलेलं ते खरंच मेलेलं असतं का? हा आधार किम आणि सहकाऱ्यांनी आधीच पक्का केला होता. १९९९ मध्ये 'सर्क्युलेशन'मधल्या निबंधात त्यांनी कुत्र्यांच्या हृदयाची अशी चित्रं काढली, मग त्याच हृदयाचे काप करून ते रंगद्रव्यात बुडवले. जिवंत भाग लालसर होतो, मेलेला फिकट राहतो. चित्र आणि काप शेजारी शेजारी ठेवले तर उजळलेल्या भागाचा आकार फिकट भागाच्या आकाराशी जुळतो, बारीकसारीक वळणांसकट. ती जोडचित्रं पाहणं हा एक अनुभव आहे. इतकी तयारी हाताशी असूनही माणसांवरच्या निबंधात ते उजळलेला भाग मेलेला आहे असं ठामपणे म्हणत नाहीत. तो तसा असावा असं आम्ही गृहीत धरलं, अशा अर्थाचा शब्द वापरतात. हा संयम मला फार आवडतो. कुत्र्याच्या हृदयावर सिद्ध झालेलं माणसाच्या हृदयावर अजून सिद्ध व्हायचं आहे, एवढं अंतर त्यांनी त्या एका शब्दात राखलं.

रुग्ण ५०. सगळ्यांचं हृदय अशक्त, सगळे बायपास किंवा अँजिओप्लास्टीच्या वाटेवर. त्यांचं चित्र आधी काढलं. प्रक्रिया झाल्यावर ४१ जणांच्या हृदयाची हालचाल पुन्हा पाहिली. भिंतीचे बारीक तुकडे पाडले, एकूण २०९३. त्यांतले ८०४ आधी नीट हलत नव्हते. या ८०४ तुकड्यांना पांढऱ्या कडेच्या जाडीप्रमाणे पाच गटांत घातलं आणि प्रत्येक गटातले किती तुकडे पुढे सुधारले ते मोजलं.

निबंधाचा प्राण असलेला आलेख म्हणजे हे पाच खांब. पांढरं अजिबात नाही अशा ३२९ तुकड्यांपैकी २५६ सुधारले, म्हणजे शंभरातले ७८. पाव भिंतीपर्यंत पांढरं असलेल्या १८३ पैकी १०९. पाव ते अर्धी, ११० पैकी ४६. अर्धी ते पाऊण, १२४ पैकी १३. आणि पाऊणपेक्षा जास्त भिंत पांढरी असलेल्या ५८ पैकी एक.

खांब असे पायऱ्यांसारखे उतरत जातात. मधेच कुठे उंबरठा नाही, की याच्या अलीकडे सगळं जिवंत आणि पलीकडे सगळं संपलेलं. अर्ध्या भिंतीची रेषा पुढे दवाखान्यांत सोयीसाठी रूढ झाली, पण मूळ आलेख त्या सोयीला पाठिंबा देत नाही. तो फक्त उतरत जातो. डॉक्टरांना हवं असतं होय किंवा नाही. निसर्गानं दिलं ते प्रमाण. त्या आलेखानं ते प्रमाण दुमडून होय-नाहीच्या खिशात कोंबलं नाही, हे त्याचं थोरपण.

मी दोन जागी रेंगाळतो. पहिल्या खांबात ७३ तुकडे सुधारले नाहीत. पांढरं नव्हतं, म्हणजे जीव होता, रक्तही आणून दिलं, तरी ते हलले नाहीत. कदाचित रक्त पुरेसं पोचलं नसेल, कदाचित शेजारच्या मेलेल्या भागानं त्यांना धरून ठेवलं असेल, कदाचित इतकी वर्षं निजलेल्याला उठायला आणखी महिने लागत असतील. निबंध हे ७३ लपवत नाही. आणि दुसरी जागा शेवटच्या खांबातला तो एक. ५८ मध्ये एक. आकडेशास्त्रात त्याला किंमत नाही, पण तो छापला आहे. शून्य लिहिलं असतं तर आलेख अधिक गोंडस झाला असता.

दोषही सांगायला हवेत. ८०४ हा आकडा मोठा दिसतो, पण तुकडे ४१ माणसांच्या हृदयांतले आहेत. एकाच हृदयातले शेजारी तुकडे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. एक सुधारला की दुसऱ्याला हात मिळतो. काम एकाच केंद्रातलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: निबंधानं हालचाल मोजली, आयुष्य मोजलं नाही.

ही शेवटची गोष्ट पुढे महागात पडली, पण निबंधाला नव्हे, त्याच्यावर जास्तीचं ओझं लादणाऱ्यांना. सगळ्यांनी धरून चाललं की जिवंत स्नायू सापडला म्हणजे रक्तवाहिनी उघडा, माणूस वाचेल. २०११ मध्ये स्टिच या मोठ्या चाचणीतला एक भाग छापून आला. त्यात थॅलियम आणि इकोनं शोधलेला जिवंत स्नायू आणि बायपासचा फायदा यांचं नातं जुळलं नाही. त्या निबंधावर पहिलं नाव होतं रॉबर्ट बोनो यांचं, म्हणजे २०००च्या निबंधातलेच एक लेखक. आपल्याच विषयाविरुद्ध जाणारा निष्कर्ष आपल्या नावानं छापणं, ही त्या शास्त्रातली सभ्यता. पुढे २०२२ मध्ये ब्रिटनमधली रिव्हाइव्हड चाचणी आली. अशक्त हृदयाचे ७०० रुग्ण, सगळ्यांच्या हृदयात जिवंत स्नायू सापडलेला. अर्ध्यांना औषधांसोबत अँजिओप्लास्टी, अर्ध्यांना फक्त औषधं. मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण एका गटात ३७.२ टक्के, दुसऱ्यात ३८.० टक्के. फरक नाहीच. मग त्या चाचणीच्या चित्रांचा पुढचा अभ्यास झाला आणि त्यात दिसलं की किती स्नायू जिवंत आहे यावरून कुणाला फायदा होईल ते कळलं नाही, पण किती व्रण आहे यावरून कुणाचं पुढे कसं जाईल ते कळलं.

म्हणजे पांढरी कड आपल्या जागी खरीच राहिली. तिनं जे सांगितलं होतं, तेच ती सांगत होती. मूळ निबंधाच्या सारांशाच्या शेवटच्या वाक्यात एवढंच आहे की हृदयाची परत येऊ शकणारी दुर्बलता प्रक्रियेआधी अशा चित्रानं ओळखता येते. ओळखता येते, एवढंच. प्राण वाचतील असं त्यात कुठे नाही. बावीस वर्षांनी चाचणीनं सगळ्यांना धक्का दिला, पण त्या वाक्याला तिला हात लावावा लागला नाही. एका निबंधाला यापेक्षा मोठी पावती मिळत नाही.

भाऊजींची कड समोरच्या भिंतीत आतल्या बाजूला बारीक होती, तिसऱ्या हिश्श्याहून कमी. खाली टोकाकडे मात्र ती रुंदावत गेली आणि अगदी टोकाला भिंत आरपार पांढरी होती. रेडिओलॉजिस्ट बाईंनी पडद्यावर बोट फिरवून ताईला समजावलं, "ये जो पतली सफ़ेद लकीर है ना, इसके पीछे सब अच्छा है." मग टोकाशी बोट नेलं आणि काही बोलल्या नाहीत. ताईनं ते न बोलणं नीट ऐकलं. बायपास करायची की नाही यावर पुढे तीन डॉक्टर बसले. तीन धमन्या अरुंद, वय फार नाही, साखरेचा आजार. हे सगळं त्यांनी धरलं आणि पांढरी कडही धरली. बायपास झाली. सहा महिन्यांनी इकोमध्ये समोरची भिंत मधल्या भागात हलताना दिसली. टोक अजून हलत नाही.

वाचकांना एक विनंती आहे. घरात कुणाच्या हृदयाचा असा एमआरआय झाला, तर अहवालाच्या कागदावर थांबू नका. सीडी मागून घ्या आणि डॉक्टरांना वेळ असेल तेव्हा औषध दिल्यानंतर काढलेली शेवटची चित्रं, आडव्या कापातली, पडद्यावर लावून दाखवायला सांगा. काळ्या बांगडीच्या आतल्या काठाला पांढरं आहे का आणि असेल तर ते भिंतीच्या किती आत गेलं आहे, एवढं विचारा.